एका टोल्याचं लँडिंग

विमानाचं चाक डांबराला टेकलं की थोडं रबर तिथंच सोडून जातं. आमच्या धुळ्याबाहेरच्या धावपट्टीच्या तोंडाशी असं काळं रबर इतकं साचलंय की वैशाखात पाय ठेवला तर चप्पल चिकटते. किश्शांचंही तसंच आहे. प्रत्येक लँडिंग एक किस्सा सोडून जातं, आणि तो खरवडून काढायला कोणी येत नाही.

मी सुपडू. सगळे नाना म्हणतात. शिक्षण सातवी नापास. काम, धावपट्टीवरून कुत्री, नीलगायी (आमच्याकडचे रोही) आणि तित्तर हाकलायचं. एकोणीस वर्षं कडुनिंबाखाली स्टुलावर बसून लोकांना छोटी विमानं उतरवताना बघतोय. उडायचं काय, ते इंजिन उडवतं. उतरायला मात्र माणूस लागतो. आणि त्या माणसाला कोण काय शिकवतं, कोण मधे तंगडी घालतं, हे बघून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. म्हणून लिहितोय.

*

निंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलाय. आग लागली तर वाजवायचा. एकोणीस वर्षांत आग लागली ती एकदाच, कॅन्टीनच्या अक्कांच्या फोडणीला, आणि ती त्यांनी कढईवर झाकण ठेवून विझवली. मग इतका चांगला रूळ नुसता गंजत ठेवायचा का? मी नियम काढला. चाकं जितक्या वेळा टेकतील तितके टोले. विमान आपटून उसळलं, परत आपटलं, परत उसळून बसलं, तर तीन. अलगद बसलं, तर एक.

त्या एका टोल्यासाठी इथं विमान शिकायला आलेली पोरं जीव टाकायची. जेवायच्या टेबलावर कोणी कोणाला मार्क विचारत नव्हतं. "आज तुझे किती?" एवढंच.

एकदा एका नागपूरच्या पोरानं एका लँडिंगला पाच आणले. अक्कांना वाटलं पाच वाजले, त्यांनी सगळ्यांचा चहा टाकला. वाजले होते साडेतीन. चहा पिता पिता पोरं म्हणाली, "नाना, याला रोज याच वेळेला उडवायला सांगा."

गेल्या उन्हाळ्यात वरून तपासणीला पाहुणे आले. आमचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन साहेब. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मिशीलाही इस्त्री. साहेबांनी पाहुण्यांना स्वतः विमान उतरवून दाखवलं. वारा आडवा होता, चाकं तीनदा टेकली. मी नियमाप्रमाणे तीन दिले.

दुसऱ्या दिवशी निंबालाच नोटीस. "टोला फक्त आगीसाठी. टोला पडताच आगीची जीप विनाविलंब निघेल व पाण्याचा मारा करील. कारण विचारत बसू नये." खाली साहेबांची सही.

आता बघा न्याय. पोरांना तीन पडले की शिक्षण. साहेबांना तीन पडले की नोटीस.

आगीच्या जीपवर झिपरू असतो. त्याचं एक आहे, माणसानं सांगितलं तर हलत नाही, कागदावर सही दिसली की लगेच हलतो. त्यानं नोटीस तीनदा मोठ्यानं वाचली, एक प्रत मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

त्या नोटिशीनं सगळ्यांत जास्त वाट लागली ती दीपालीची. यावलकडच्या केळीच्या बागेतली पोरगी. वर्गात पहिली, हवेत एकदम सरळ, आणि जमिनीजवळ आली की धडाम. रोज तीन, कधी चार. "नाना, मले एक टोला पाहिजे," असं पहिल्या आठवड्यात म्हणाली होती. आता टोलाच बंद. तिच्या बरोबरीची सगळी पोरं एकटी उडून आली, सोलो झाली, प्रथेप्रमाणे त्यांच्यावर पाण्याच्या बादल्या ओतून झाल्या. ही कोरडीच. तीन शिक्षक बदलून झाले होते.

*

काही म्हणा, पण दीपाली कधी सबब सांगायची नाही. बाकीच्यांचं काय विचारता!

एक पुण्याचा पोरगा होता. आपटलं की आधी धावपट्टीकडे बघायचा, मग माझ्याकडे, जसं काही डांबर मी टाकलंय.

"नाना, या रनवेला चढ आहे. अंदाज चुकतो."

मी म्हटलं, असेल बाबा. दुपारी वारा फिरला, पोरं उलट्या बाजूनं उतरायला लागली. हा परत आपटला.

"नाना, चढ आहे हो."

"सकाळी पूर्वेकडून आलास तेव्हा चढ. आता पश्चिमेकडून आलास तरी चढ?"

"हो ना."

"म्हणजे मधोमध डोंगर आहे. एकोणीस वर्षं रोज सायकलवरून जातो रे मी, मला मेल्याला दिसलाच नाही."

तेव्हापासून पोरं धावपट्टीच्या मध्याला त्याच्या नावाचं शिखर म्हणतात. तो आता मोठ्या कंपनीत मोठं विमान उडवतो म्हणे. मी प्रवासाला बसलो तर आधी विचारणार आहे, वाटेत डोंगर किती.

*

आता शिकवणाऱ्यांचं ऐका.

कॅप्टन साहेबांचं आवडतं वाक्य, "डिसिप्लिन. यादी वाचल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही." हे वाक्य त्यांनी मला पण ऐकवलंय, मी सायकलला हात लावत होतो तेव्हा.

वाऱ्यानं विमान हलू नये म्हणून आम्ही ते पंखाला आणि शेपटीला दोर लावून जमिनीतल्या कडीला बांधतो. एक दिवस साहेब दहा पोरांना पुढे उभं करून शिकवायला बसले. यादी मोठ्यानं वाचली. इंजिन सुरू केलं. जोर दिला. विमान हलेना. अजून जोर दिला. धूळ उडाली, पोरांच्या टोप्या उडाल्या, विमान नाक खाली घालून थरथरतंय, पण जागचं हलत नाही.

साहेबांनी खिडकी उघडून मेकॅनिकच्या नावानं ओरडायला सुरुवात केली. इंजिनात ताकद नाही, देखभाल नाही, कोणाला लाज नाही.

मी समोर लांब उभा राहून हात जोडले. इंजिन बंद झाल्यावर म्हटलं, "साहेब, गाय दाव्यालाच आहे."

पंखाचे दोर सोडले होते. शेपटीचा राहिला होता. तो कोणी सोडायचा राहू दिला, हे विचारू नका. मी त्या दिवशी तित्तर हाकलत होतो.

*

धावपट्टीच्या पश्चिम टोकाला, कुंपणाच्या पलीकडे, भिला आबांचं शेत. शेत उतारावर, खाली. रोही आणि रानडुकरं मक्यात शिरू नयेत म्हणून आबांनी बांबूला बायकोची जुनी केशरी साडी बांधलेली. बांधली ती वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी पक्की. त्यामुळे तिचा फुगा कायम एकाच बाजूला.

आमची वारा दाखवायची पिशवी पण केशरीच.

एका शहाण्यानं वरून साडी बघितली, वारा तिकडून आहे असं ठरवलं आणि वारा पाठीवर घेऊन उतरायला आला. पाठीवर वारा असला की विमान जमिनीला टेकायचं नाव घेत नाही, तरंगतच राहतं. हे तरंगत, तरंगत, पार शेवटच्या गवतात जाऊन थांबलं. पोरगा खाली उतरला, विमानाला ओरखडा नाही. कुंपणापलीकडे भिला आबा विळा हातात घेऊन उभे. बघत होते.

कॅप्टन साहेब जीप घेऊन गेले. मी मागे बसून, मजा बघायला.

"ती साडी काढा. आमच्या विमानांना धोका आहे."

आबांनी विळा काखेत धरला. ते अहिराणीतच बोलतात, 'मना' म्हणजे माझा, 'शे' म्हणजे आहे. "तुमना पोऱ्या मनी बायकोनी फाटेल साडी देखीसन इमान उतारस, आनि गुन्हा मना?"

"तसं नाही हो. पण ती चुकीचा वारा दाखवते."

"मना वावरमा जो वारा शे, तो मना शे. तुमना वारा तुमना कुंपनमा ठेवा."

साहेब म्हणाले, अर्ज करतो. आबांनी दुसऱ्या दिवशी अजून एक साडी लावली. हिरवी. म्हणाले, "साहेबले सांगा, ही लुगडानी जोडी शे."

राग कोणाचा कोणाला येतो बघा. चूक पोराची, राग आबांवर. मला तर साहेबांपेक्षा त्या साडीचं जास्त वाईट वाटलं. बिचारी रोही हाकलत होती, विमान तिच्या अंगावर आलं त्यात तिचा काय दोष?

*

मग एक दिवस साहेबांनी दीपालीला ऑफिसात बोलावलं. ती बाहेर आली आणि निंबाखाली येऊन बसली.

"काय म्हणे?"

"शुक्रवारी शेवटचं पाह्यतो म्हणे. नाही जमलं तं बाबाले फोन करतील, सामान न्यायले या म्हणून."

"तुला जमीन जवळ आली हे कळत कसं नाही?"

"कळत नाही म्हणूनच आपटते ना वो नाना."

ही गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. उतरताना शेवटी विमान जमिनीलगत आलं की नाक हळूहळू वर धरायचं. टेकू द्यायचं नाही, धरून ठेवायचं. वेग संपला की ते आपणहून बसतं. पण जमीन लगत आली हे कळायला नजर लांब, धावपट्टीच्या दुसऱ्या टोकावर पाहिजे. नाकाखाली बघितलं तर डांबर भर्रकन पळताना दिसतं, उंची कळत नाही. माणूस घाबरून नाक ओढतो, विमान वर उचललं जातं, तिथं त्याचा वेग संपतो आणि ते दगडासारखं खाली येतं. हे साहेबांनी तिला शंभरदा सांगितलं होतं. "लांब बघ." आणि ती शंभरदा "येस सर" म्हणाली होती. पोरगी खोटं बोलणारी नव्हती. तिला वाटायचं आपण लांबच बघतोय.

तितक्यात तिला अक्कांनी हाक मारली, शहरातून कोथिंबीर आणायला. ती स्कूटरवर बसून निघाली. मी बघत होतो. अंगणात झाडांना पाणी घालायचा रबरी पाइप आडवा पडलेला. दीपालीनं करकचून ब्रेक मारला, उतरली, पाइप हातानं बाजूला केला, परत बसली. पुढे पाच पावलांवर एक काळी काठी. परत ब्रेक.

ती परत आल्यावर मी विचारलं, "काठीला काय घाबरतेस?"

"सवय वो. गाडी मी बागेतच शिकली. केळीत जिकडे तिकडे ठिबकच्या नळ्या. एक नळी चाकाखाली आली का बाबा दिवसभर ऐकवत. म्हणून चाकापुढेच पाह्याचं."

घ्या. तीन शिक्षक, एवढाली पुस्तकं, भिंतीभर तक्ते, आणि पोरगी अजून केळीच्या बागेतच उतरत होती. नळी वाचवत होती. आणि कोणी, एकानं तरी तिला स्कूटरवर जाताना बघितलं का? नाही. सगळ्यांचे डोळे विमानातल्या घड्याळांवर.

*

मी अक्कांचं सूप उचललं. धान्य पाखडायचं. अक्का पाखडून उठल्या होत्या, त्या परत येईपर्यंत मी ते स्कूटरच्या हँडलपुढे सुतळीनं उभं बांधलंही. आता गाडीवर बसलं की चाकापुढची दहा-बारा हात जमीन दिसतच नाही. दिसायचं ते लांबचं.

विमानतळाच्या मागे जुनी, बंद पडलेली पट्टी आहे. तिथं दीपालीला नेलं. टोकाला माझा गमछा काठीला बांधून उभा केला.

"गमछा बघायचा. खाली काय आहे ते सूप बघेल."

"आणि नळी असली तं?"

"आहे. मी स्वतः सात टाकल्यात. जा."

पहिल्या दिवशी ती तीनदा थांबून सुपाखालून डोकावली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी सातही नळ्यांवरून गेली, गमछ्यापाशी थांबली आणि तिथूनच ओरडली, "नाना, बाजूच्या बाभळी वर येतात वो! कडा वर येतात! मले खाली न पाह्यता खाली कळतं!"

हेच तर ते. लांब बघितलं की जमीन कडेनं आपोआप वर येते. मला हे पुस्तकानं नाही शिकवलं. एकोणीस वर्षं वेगवेगळ्या माणसांना आपटताना बघितलं की येतं.

पण विमानात गमछा कुठला? धावपट्टीच्या टोकाला काहीतरी पाहिजे होतं, नजर अडकवायला. मी भिला आबांकडे गेलो.

"आबा, केशरी साडी दहा पावलं उत्तरेले सरकावा. धावपट्टीना पांढरा पट्टाना बरोबर समोर."

"काबरं?"

"एक पोरगीनं इमान उतरी नही ऱ्हायनं. तिले लांब देखाले काहीतरी लागस."

आबांनी साडीकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेबनी सांगं शे का?"

"साहेबले माहीत बी नही."

"मंग सरकावस."

कुंपणाच्या वर फक्त बांबूचा शेंडा आणि साडीचं टोक, कोणाला लागायची भीती नाही. आणि या वेळी आबांनी ती खालून सोडली. म्हणजे आता ती वाराही खरा दाखवायला लागली. आमच्या पिशवीपेक्षा बरा, पिशवीला भोक आहे.

सूप मात्र साहेबांच्या नजरेला पडलं. गुरुवारी मला बोलावलं. अक्का आधीच तिथं, सुपाची काडी मोडली म्हणून.

"माझ्या विद्यार्थ्यांना कोण शिकवतंय? सातवी पास माणूस?"

"नापास, साहेब. चुकीची माहिती देऊ नका."

"नाना, उद्या ती आपटली तर तिचं सामान तुम्ही गाडीत ठेवायचं."

"आणि नाही आपटली तर?"

उत्तर साहेबांच्या आधी अक्कांनी दिलं. "तर सूप नवं."

*

शुक्रवार. सकाळचा वारा पश्चिमेचा, हलका. निंबाखाली आम्ही सगळे. झिपरू जीपच्या बॉनेटवर, खिशात नोटीस. अक्का दारात. पोरं कुंपणाला लोंबकळलेली. मी स्टुलावर, मांडीवर टोले द्यायची सळई. वाजवायची नव्हती, पण हाताला सवय.

दीपाली आणि साहेब वर गेले. पहिलं लँडिंग, दोन. मनातल्या मनात मोजले. दुसरं, दीड म्हणा, उडी अशी नव्हती, नुसता हुंदका. तिसरं उतरलं तेव्हा नागपूरचा पोरगा म्हणाला, "नाना, किती?" मी त्याला गप्प राहायची खूण केली.

विमान पट्टीच्या कडेला थांबलं. दार उघडलं. आणि साहेब एकटेच खाली उतरले.

शिक्षक उतरला म्हणजे आता ती एकटी.

साहेब चालत निंबापाशी आले, कारण चाकं नीट दिसतात ती याच जागेवरून. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या शेजारी उभे राहिले. विमान वर गेलं, डावीकडे वळलं, कपाशीच्या वरून, पाझर तलावाच्या वरून, फिरून परत समोर आलं. इंजिनाचा आवाज कमी झाला. साहेबांचे ओठ हलत होते. "लांब बघ. लांब बघ."

"बघतेय, साहेब," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं कळतं?"

"मान बघा तिची."

धावपट्टीचं तोंड आलं. नाक हळू वर. अजून वर. धरून ठेवलं. धरून ठेवलं. विमान जमिनीपासून वीतभर वरून जातंय, जातंय, आणि मग नुसता टायरचा बारीक आवाज. चीं. एवढाच.

उसळलं नाही.

साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "नाना."

"जी."

"टोला?"

मी निंबावरच्या नोटिशीकडे बोट केलं. "आग कुठंय, साहेब?"

साहेबांनी नोटीस वाचली. स्वतःचीच सही बघितली. मग माझ्या मांडीवरून सळई उचलली, दोन पावलं पुढे गेले आणि रुळावर एक ठेवून दिला. एकच. असा खणखणीत की लांबवरच्या साडीपाशी भिला आबा उठून उभे राहिले. विमानात दीपालीनं ऐकला असणार, कारण चालत्या विमानातून तिनं हात बाहेर काढला.

आणि टोला पडला, म्हणून जीप निघाली.

विनाविलंब. झिपरू चालवतोय, मागे माणूस पाइपाचं तोंड धरून उभा. निंबापाशी येऊन ब्रेक मारला. साहेब सळई हातात घेऊन उभे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

झिपरूनं नोटिशीप्रमाणे कारण विचारलं नाही. फक्त जागा विचारली. "नाना, कुठे?"

मी पांढऱ्या शर्टाकडे बोट दाखवलं फक्त.